मुलांच्या खोलीतली जुनी चाल

कमिटीवाल्यांनो, आभार मानायचे तर माणूस समोर असावा लागतो, एवढंही तुम्हाला कळत नाही?

गेल्या रविवारी भर उपासनेत तुम्ही मुलं सांभाळणाऱ्यांचा सत्कार ठेवलात. त्या वेळी ते कुठे असतात? मागच्या खोलीत, तुमचीच मुलं सांभाळत. माझ्या बायकोला पुकारलंत, कोणीच उठलं नाही. सेक्रेटरीभाऊ माइकवर म्हणाले, वहिनी लाजाळू आहेत. मंडळी हसली, टाळ्या पडल्या, आणि 'आभारी आहोत' छापलेला चहाचा मग माझ्या हातात कोंबला गेला.

बाकावर मी एकटाच होतो. कित्येक वर्षं एकटाच असतो. लाजाळू म्हणे! लग्नाआधी ती गायनमंडळात पुढे उभी राहायची. तिच्या आवाजापायीच हा सुतार चर्चची पायरी चढला. त्याच्या दोनच दिवस आधी तिला विचारलं होतं, वाढदिवसाला काय हवं? म्हणाली, एक रविवार तुमच्या शेजारी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत गायचंय. बस्स.

म्हणून तो मग हातात धरून तसाच उठलो. म्हटलं, सत्काराच्या निमित्ताने का होईना, घेऊन येऊ तिला. खोलीत गेलो. जोडीची नर्सबाई रुमाल घेऊन वाहत्या नाकांच्या मागे धावत होती. आमची ही भिंतीला टेकून जमिनीवर, मांडीवर बटण. बटण म्हणजे इस्त्रीवाल्याची धाकटी. आई इस्पितळात गेल्यापासून ती पोर हिच्या स्वेटरचं बटण मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही.

चल म्हणालो, तर हिने ओठांवर बोट ठेवलं. मग कुजबुजली, पाय केव्हाच मुंग्यांनी नेलाय, सत्काराला काय लंगडत येऊ? माझ्या हातातला मग निरखून म्हणाली, बरा आहे, रंगाचे ब्रश धुवायला होईल.

मी बुटक्या खुर्चीवर बसलो, गुडघे हनुवटीला. एका पोराने बजावलं, "काका, खुर्ची मोडली की मावशी तुम्हालाच दुरुस्त करायला लावेल."

भिंतीपलीकडे शेवटचं गीत सुरू झालं. त्या भिंतीतून नुसती घुमघुम येते. खोलीत स्पीकर लावा म्हणून तुम्हाला सांगून जीभ झिजली. कोणतं गीत आहे, हिने विचारलं. मी सांगितलं. तशी ती हळूच गाऊ लागली. जुन्या चालीत.

ती चाल आपण कधीच बदलली. शेंबड्या पोरालाही नवी येते. हिला सांगणार कोण? घरी डाळ-तांदळाचं बोलणं होतं, चालींचं नाही. तिकडे नाक पुसता पुसता नर्सबाईही तीच जुनी चाल गुणगुणत होती.

मीही सूर लावला. माझा सूर म्हणजे करवतीखाली आलेला खिळा. त्यात सवयीने मध्येच नव्या चालीत घसरलो.

"अहो, चाल चुकतेय तुमची," ती म्हणाली.

"हो गं, चुकलीच," म्हणालो, आणि तिच्यामागे जुनी धरली. झोपेतल्या बटणने मूठ आणखी आवळली.

आता ऐका. खोलीत दोन मोठी माणसं हवीतच, हा नियम तुमचा, आणि चांगला आहे. मी जाऊन बसलो असतो, पण मग बाकावर ती एकटी. माझं एकटेपण तिच्या वाट्याला, एवढाच फरक. म्हणून तुमच्यातला एक माणूस द्या. पुढच्या रविवारी, नर्सबाईंच्या जोडीला. पुढे एखाद्या रविवारी त्यांनाही सोडवायचंय. पुन्हा तो छापील मग नको, हार नको, माइक तर नकोच.

येणाऱ्याने बटणांचा स्वेटर घालून यावं. कोण येतंय? नाव सांगा.