कापडावर वाळलेलं विरजण

मी विरजण बोलतोय. बल्गेरियाच्या डोंगरातलं, वासिल्काबाईंच्या गाडग्यातलं. संत गेओर्गीच्या सणाला मेंढ्यांची पहिली धार काढतात, त्या दुधात तिच्या आजेसासूनं मला लावलं. तेव्हापासून मी याच घरात.

वासिल्का करंगळी बुडवून दूध कोमट झालंय का बघायची, मला त्यात घालून वर क्रूस काढायची, गाडगं लोकरीच्या शालीत गुंडाळायची आणि घरादाराला दटावायची, "हलवू नका रे, झोपलंय ते!"

तिची लेक नेवेना आजारी पडली. आतड्यांना सूज, शौचातून रक्त. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या.

"आणि घरचं दही?" वासिल्कानं विचारलं.

"खाऊ दे की. पण ते सोबतीला. गोळी चुकवायची नाही."

सोबतीला! तो शब्द बाईला फार लागला. "माझ्या दह्यानं चार पिढ्यांची पोटं सांभाळली, नि ही म्हणते सोबतीला!" तिनं गोळ्या संतीणबाई पेत्काच्या तसबिरीमागे ठेवल्या आणि नवस बोलली, लेक बरी झाली की तिच्या उंचीची मेणबत्ती लावीन. ईस्टरआधीचा मोठा उपवास चालू होता, त्यात दूधदहीही वर्ज्य. स्वतः नुसत्या घेवड्यावर राहायची, लेकीपुढे मात्र माझी भरलेली वाटी.

"आई, गोळी?"

"संतीणबाईंपाशी आहे. तू वाटी संपव."

"अगं, अशानं मी मेंढीसारखी बें बें करायला लागेन!"

पहिल्यांदा तिला बरं वाटलं. मलाही गर्व झाला. पण रोज तिच्या पोटात उतरणारा मीच. आत आग पेटलेली आणि मी आपलं ओंजळभर पाणी. रक्त पुन्हा सुरू झालं. लाजेपायी नेवेनानं ते लपवलं. ईस्टरच्या आठवड्यात ती चुलीपाशीच कोसळली. इस्पितळात आतड्याचा तुकडा कापून काढावा लागला.

वासिल्का मला शालीत गुंडाळून, मांडीवर धरून बसनं शहरात गेली. डॉक्टरीणबाईंनी दारातच अडवलं.

"हे आता नको. अंगात काही उरलेलं नाही तिच्या. यातले जिवंत जंतूसुद्धा बाधतील."

"अहो, घरचं आहे!"

"ते खरं, मावशी. पण गोळ्या कधी बंद केल्यात?"

वासिल्का नुसती शाल आवळत राहिली.

घरी येऊन तिनं मला वाळवून जपायला स्वच्छ कापडावर पसरलं. तसबिरीमागच्या गोळ्या काढून पुढ्यात ठेवल्या. "संतीणबाई, नवस तोच," ती पुटपुटली, "फक्त त्या डॉक्टरीणबाईंच्या हाताला यश दे."

आता मी वाळून पापडी झालोय. मेलो नाही; कोमट दूध मिळालं की जागा होईन. नेवेना घरी यावी, डॉक्टरीणबाईंनी हो म्हणावं, तेव्हाच मला उठवा. आणि तुमच्या घरी कुणाचं पोट दुखत असेल, तर मला खुशाल ताटात वाढा. पण गोळी माझ्यामागे लपवू नका.