ताईची कवायत

गल्लीत त्याला सगळे पायवाला म्हणत. कृत्रिम पाय बनवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण कॉम्प्युटरचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. कार्यशाळेतलं ते खातं त्याच्या थोरल्या बहिणीकडे होतं. आणि ताई म्हणजे सुखाचा जीव दुःखात घालणारी बाई.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती मोठ्या कॉम्प्युटरची वायर काढून आपल्या पर्समध्ये टाकायची आणि म्हणायची, "मशीन मेलं असं समज. आता काम करून दाखव."

मग पायवाल्याने कपाटातला जुना लॅपटॉप काढायचा, ताईने घरून आणलेली डिस्क त्याला जोडायची, ती सांगेल त्या गिऱ्हाइकाचं माप उघडायचं आणि त्यावरून साचा कोरून दाखवायचा. अख्खी सकाळ त्यात जायची.

"धडधाकट मशीनच्या जिवावर काय उठलीस?" तो कुरकुरायचा.

ताई बधायची नाही, आणि त्याला कारण होतं. पहिल्या कवायतीला, सगळ्या मापांची नक्कल ठेवायला त्याला दिलेली डिस्क उघडली, तर त्याने इतके महिने इमानेइतबारे फक्त पडद्यावरची चिन्हं उतरवून घेतली होती. चिन्हाखाली गिऱ्हाइकाचं नाव, आत काहीच नाही. कपाट जागेवर सोडून नुसत्या कड्या घरी न्याव्यात तसं. ताई पोट धरून हसली होती. हसून झाल्यावर तिने दुसरी डिस्क आणली आणि ती स्वतःच्या घरी, पिठाच्या डब्यामागे ठेवायला लागली.

एका शुक्रवारी सकाळी पायवाल्याने कुलूप काढलं आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. वरच्या मजल्यावरचा नळ फुटून छतातून पाणी गळत होतं. कॉम्प्युटर भिजला होता, शेजारची डिस्कही. ताईला फोन लावतोय तोच त्याचं जुनं गिऱ्हाईक, बसच्या कंडक्टरबाई, कुबड्यांवर आल्या. पिशवीत त्यांचा तडकलेला पाय होता.

"दादा, सोमवारी ड्युटीवर उभी राहिले नाही, तर मला ऑफिसात टेबलाच्या कामाला बसवणार आहेत. कायमचं."

पायवाल्याने भिजलेल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. मांडी जिच्यात बसते ती वाटी जमवायला त्याला आणि बाईंना वर्ष लागलं होतं. इथे घासतं, तिथे टोचतं, बाई सोसत राहिल्या आणि तो तासत राहिला. ते सगळं वर्ष त्या भिजलेल्या डब्यात होतं.

ताई आली ती पर्समधून डिस्क काढतच. "कपाट उघड," एवढंच म्हणाली.

आणि गंमत म्हणजे त्याचे हात आपोआप चालायला लागले. लॅपटॉप, डिस्क, कंडक्टरबाईंची वाटी पडद्यावर जशीच्या तशी. कोरायचं यंत्र पलीकडच्या कोरड्या खोलीत होतं, ते सुरू झालं. एरवी कवायतीत शंभरदा अडखळणारा पायवाला त्या दिवशी कुठेच अडला नाही.

रविवारी संध्याकाळी कंडक्टरबाई नवा पाय लावून उभ्या राहिल्या. भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, आणि थेट ताईच्या टेबलापाशी जाऊन थांबल्या.

"टोचतंय का कुठे?" ताईने विचारलं.

"नाही हो. माझाच आहे." त्यांनी ताईचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. ताई उगाचच खिडकीबाहेर बघत राहिली.

पायवाल्याला त्या क्षणी बहिणीबद्दल इतकं वाटलं, की छातीत मावेना. पण सख्ख्या बहिणीचे आभार मानायचे कसे, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो चहा करायला आत गेला आणि साखर घालायची विसरला.

पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार आला. नवा कॉम्प्युटर नुकताच बसवलेला. भाऊ दमलाय, राहू दे या वेळी, असं म्हणून ताई आपल्या कामाला बसली. थोड्या वेळाने तिच्या टेबलावर काहीतरी पडलं. बघते तर वायर.

"मशीन मेलं, ताई," पायवाला म्हणाला आणि कपाट उघडायला गेला.