मुख्य प्रवेशद्वाराचे साहेब

काडी सैन्यात भरती झाली तेव्हा तिच्या बाबांनी घरात जाहीर केलं होतं, "आठ दिवसांत रडत परत येईल. आली की दार मीच उघडणार, मग बघा!" दार उघडणं हा त्यांचा धंदाच होता. शहरातल्या सगळ्यात महागड्या हॉटेलात ते सव्वीस वर्षं दरवान होते.

आठ दिवस गेले, तीन महिने गेले, काडी काही आली नाही. आला तो एक लिफाफा. प्रशिक्षण पूर्ण, दीक्षान्त परेडला दोन पाहुण्यांना निमंत्रण. बाबांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि तीन महिन्यांचा अबोला जणू कधी नव्हताच अशा थाटात म्हणाले, "शिस्त रक्तात असावी लागते. माझ्यावर गेलीय पोरगी."

काडीच्या आईनं हातातला दोरा दातांनी तोडला. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलरी जोडायची. दर रविवारी मुलीला पत्र लिहायची तीही तीच, आणि शेवटी स्वतःच्या मनानं एक ओळ घालायची, 'बाबा तुझी आठवण काढतात.'

परेडच्या सकाळी बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले. अंगात हॉटेलचा गणवेश होता. मरून कोट, सोनेरी बटणांच्या दोन रांगा, खांद्यांवर झालरी, छातीवरून पीळदार सोनेरी दोरी, वर टोपी.

"अहो, साधा शर्ट घाला."

"सैन्यात जायचं आणि साध्या शर्टात? गणवेशाचा मान तुला नाही कळायचा."

छावणीच्या फाटकावरचा पहारेकरी कोवळा होता. त्यानं झालरी पाहिल्या, बटणं पाहिली आणि खाडकन सलाम ठोकला. बाबांनीही ठोकला, पण हॉटेलातला, कमरेत किंचित वाकून. बाकीचे आईबाप उन्हातल्या पत्र्याच्या बाकांकडे निघाले होते. या दोघांना मात्र एक जवान धावतपळत पुढच्या रांगेत, गादीच्या खुर्च्यांवर घेऊन गेला. आई मागच्या बाकांकडे बोट दाखवत राहिली, पण तिचं ऐकतो कोण?

शेजारी एक मेजर होते. त्यांनी ती सोनेरी दोरी निरखली. ओळखीची नव्हती, पण तसं कबूल करणं हुद्द्याला शोभलं नसतं.

"कुठं असता आपण?"

"मुख्य प्रवेशद्वारावर."

"अरे वा! जबाबदारीचं काम."

"सव्वीस वर्षं झाली. नको तो माणूस एकदाही आत सोडला नाही."

मेजर सावरून बसले. आईनं रुमालात तोंड लपवलं.

मैदानात दोनशे जण दगडासारखे उभे होते. सगळ्यांचे केस सारखे, नजर सारखी. आईनं काडीला खांद्यावरून ओळखलं, डावा खांदा चिमूटभर खाली. बाबा भलत्याच मुलीकडे बघून कौतुकानं मान डोलावत होते.

तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची काळी गाडी आली. बाबांच्या पायांनी बाबांना विचारलंच नाही. ते उठले, चार ढांगांत गाडीपाशी पोचले, दार उघडलं, साहेबांचं डोकं आपटू नये म्हणून वर तळहात धरला आणि म्हणाले, "या साहेब, या. सामान किती आहे?"

दार उघडायला नेमलेला अधिकारी हात पुढे करून तसाच उभा राहिला.

साहेब उतरले आणि एकदम खुलले. "अरे, तू? तू इथे कसा? हॉटेल सोडलंस की काय?"

एवढ्या मोठ्या छावणीत बाबांचा गणवेश बरोबर ओळखणारा हा एकच माणूस निघाला. त्यातून त्याचा आवाज परेडीचा, मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. आपलं मघाचं 'अरे वा' कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मेजर इकडेतिकडे बघू लागले. दोन मिनिटांत नवराबायकोची रवानगी पत्र्याच्या बाकांवर झाली. आईला तिथे बरंच वाटलं. ऊन होतं, पण माणसंही होती.

परेड संपल्यावर काडी आली, रापलेली, आणि आईच्या गळ्यात पडली. बाबांनी घसा खाकरला.

"मला तुझा अभि—"

"बाबा, सगळ्यांनी हसू दाबलं. माझ्या शेजारचीला नाही जमलं. तिला आता मैदानाला दहा फेऱ्या आहेत."

"पण साहेबांनी ओळखलं ना मला!"

काडीला चार दिवसांची सुट्टी होती. परतीच्या बसमध्ये आईनं तिला विचारलं, "सगळ्यात जड काय गेलं गं?"

"काही नाही. विनाकारण ओरडा खायचा आणि तोंड उघडायचं नाही, एवढंच तर होतं. बाकीच्या पोरी पहिल्या दिवशी रडल्या. मला घरच्यासारखंच वाटलं."

बाबांच्या कानावर हे गेलं नाही. ते दांडा धरून उभे होते आणि मागच्या प्रवाशांना सांगत होते, "साहेब स्वतः गाडीतून उतरून मला भेटले. अहो, या पोरीला घडवलं कुणी? रोज सकाळी मी—"

"बाबा, खाली बसा!"

आवाज थेट बेंबीतून आला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. दारातले दोन अनोळखी प्रवासी मिळेल त्या जागी बसले. बाबाही बसले, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

काडी स्वतःच दचकली. "म्हणजे... बस हलतेय ना, पडाल."

आईनं खिडकीकडे तोंड फिरवलं. 'खाली बसा' हे दोन शब्द तिनं इतक्या वर्षांत किती तऱ्हांनी म्हणून पाहिले होते! थोड्या वेळानं ती मुलीच्या कानाशी लागली.

"हे कितव्या आठवड्यात शिकवतात गं?"