फळीवर दुमडलेली बोटं

मित्रांनो, तुम्ही माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखता. मी ओळखते तळव्यावरून. चपला-बुटांच्या दुकानातली पाय मापायची मी एक जुनी लाकडी फळी आहे. एका सुताराने मला घडवलं, पुढे-मागे सरकणारी पितळी पट्टी बसवली आणि अंगावर आकडे कोरले. दुकानदारकाकांच्या वडिलांनी नियम घालून दिला होता, "मूल उभं, पाय दोन्ही, मगच नंबर."

मोठ्यांचे नखरे मी पुष्कळ पाहिले. पाय माझ्यावर सात भरतो, तोंड मात्र सहाच सांगतं! आया म्हणतात, "वाढतं अंग आहे, दोन नंबर मोठाच द्या." वडील पोराचा सपाट तळवा बघून घाबरतात. काका हसतात, "अहो, या वयात तळव्यालाही गाल असतात. ते उतरले की हळूहळू कमान दिसेल. खेळू द्या अनवाणी."

एकदा मावशीचं बोट धरून चार वर्षांची मुलगी आली. घरात तिला भिंगरी म्हणत. कपाटात लाल बुटांचा शेवटचा जोड होता.

"मला तेच!"

"तुझ्या मापाचे असले तरच हं," मावशीने बजावलं.

दुकानात गर्दी होती. काकांनी तिला स्टुलावर बसवूनच एक पाय माझ्यावर ठेवला. भिंगरीने श्वास रोखला आणि बोटं आत दुमडली. नखं माझ्या रोगणात रुतली. पट्टी एक नंबर अलीकडेच थांबली. मला कळलं; पण लाकडाला तोंड कुठे?

"अगदी हिचेच!" काका म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी खोटं माप दिलं. भिंगरी दात घट्ट आवळून हसत हसत दुकानभर चालून आली.

सहा महिन्यांनी ती परत आली, तीही मावशीच्या कडेवर. "भिंगरी कसली, गोगलगाय झालीय! चार पावलं टाकली की 'उचल' म्हणते. आळशी नुसती."

काकांनी बूट उतरवले आणि पाऊल हातात घेऊन पाहिलं. अंगठा आत कलला होता, करंगळी शेजारच्या बोटाखाली दडली होती. त्यांनी तिला माझ्यावर उभं केलं. बोटं पुन्हा दुमडली.

"सोड ना बोटं, बाळा."

"सोडली तर तुम्ही बूट काढून घ्याल," ती पुटपुटली.

काका माझ्याशेजारी जमिनीवरच बसले. "ताई, पोरीला बोल लावू नका. मी घाईत बसवून माप घेतलं. आज बूट देत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा." मग लाल जोड त्यांनी भिंगरीच्या हातात ठेवला. "हे तुझेच. आता तुझ्या बाहुलीला घाल."

तेव्हा कुठे एकेक बोट सैल झालं.

वर्षाने ती धावत आली. कपाटाच्या वरच्या खणातले बूट बघायला माझ्यावर उभी राहून तिने टाचा उचलल्या, आणि तळव्याखाली मुंगी जाईल एवढी कमान मला दिसली! अंगठा सरळ होत आलाय. करंगळी मात्र अजून वाकडीच. ती पुरती सरळ होईल का, हे डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत.

मित्रांनो, माझ्यावर उभे राहाल तेव्हा बोटं मोकळी सोडा. आणि तुमच्या मोठ्यांना सांगा, पोराला आळशी म्हणण्याआधी एकदा त्याचे बूट काढून बघा.

त्या नखांचे ओरखडे अजून माझ्या अंगावर आहेत. मला पॉलिश करताना काका ते बुजवत नाहीत. नवं मूल आलं की त्यांच्यावरून अंगठा फिरवतात आणि कितीही गर्दी असली तरी म्हणतात, "चल बाळा, उभं राहायचं."