पूर्वेकडची भिंत

सराफाने आपला अकरावा, शेवटचा तोलकाटा स्वतःच्या हाताने जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि खोक्यात ठेवला. एरवी तो दुकानातला माणूस पाठवी. आज स्वतः आला, तेव्हाच काटेवाल्याच्या लक्षात आले होते की हा दुरुस्तीचे काम द्यायला आलेला नाही.

"राग मानू नका," सराफ म्हणाला. "मागच्या वेळी दोन काटे तुम्ही तपासून दिलेत. दुकानात शेजारी शेजारी ठेवले तर दोघं वेगवेगळं बोलतात. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघतं."

"काट्यांत दोष नाही."

"तुमच्यात आहे असं म्हणतोय का मी?"

तेवढ्यात भिंतीपलीकडे काँक्रीट फोडणारा ब्रेकर सुरू झाला. त्या आवाजात बोलून उपयोग नव्हता. काचेच्या पेटीतल्या मोठ्या काट्याची सुई डावीकडे झुकली, उजवीकडे गेली आणि मध्येच थरथरत राहिली. याच काट्यावर बाकीचे सगळे काटे तपासले जात. सराफाने सुईकडे पाहिले, मग काटेवाल्याकडे. ब्रेकर थांबला.

"तीस वर्षं झाली," सराफ खोके उचलत म्हणाला. "वहिनी होत्या तेव्हा पाणी प्यायल्याशिवाय सोडायच्या नाहीत."

पाणी द्यायचे राहिलेच होते. काटेवाला उठेपर्यंत सराफ दाराबाहेर पडला होता.

शेजारची पाच मजली इमारत पाडून तिथे बावीस मजले उभे राहणार होते. पाडकाम सुरू होऊन तीन महिने झाले होते. रस्त्याच्या बाजूने उंच पत्रे ठोकले होते आणि ते या बाजूच्या सात दुकानांच्या तोंडापर्यंत आले होते. पत्रे आणि दुकाने यांच्यामध्ये जो बोळ उरला होता त्यातून एका वेळी एकच माणूस जाई. बोळाच्या तोंडाशी 'दुकाने चालू आहेत' असा फलक होता. वाऱ्याने तो फिरला होता आणि त्यावरचा बाण आता समोरच्या बँकेकडे दाखवत होता. काटेवाल्याने तो चार वेळा सरळ केला होता. पाचव्यांदा त्याने नाद सोडला.

बायको जाऊन पाच महिने झाले होते. इमारत पडताना तिने पाहिली नाही. तिने पाहिली असती तर कंत्राटदाराशी ती भांडली असती, आणि त्याला नुसते मागे उभे राहावे लागले असते. आता त्याला पुढे उभे राहावे लागत होते आणि ते जमत नव्हते. त्याने कंत्राटदाराला तीन पत्रे लिहून दिली होती. दुपारी दोन तास ब्रेकर बंद ठेवा, एवढेच मागणे होते. एकाही पत्राला उत्तर आले नव्हते.

सराफ गेल्यावर त्याने मोठ्या काट्याखालच्या दगडी फळीवर लेव्हल ठेवली. ही फळी त्याने स्वतः भिंतीत बसवली होती, लोकांच्या चालण्याने काटा हलू नये म्हणून. लेव्हलमधला बुडबुडा मधोमध नव्हता. त्याने लेव्हल उलटी फिरवून पाहिली. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला गेला.

फळीच्या खाली बायकोचे बुटके कपाट होते. बावीस वर्षांपूर्वी तिने ते तिथे आणून ठेवले, तेव्हापासून तो काट्यापुढे तिरका बसत आला होता, कारण गुडघ्यांना जागा नव्हती. "हे इथेच राहील," एवढेच ती म्हणे. कारण कधी सांगितले नाही. आज त्याने ते ओढून बाजूला केले. मागे फळीच्या ब्रॅकेटपासून जमिनीपर्यंत भेग गेली होती.

शेजारच्या चपलांच्या दुकानाची मालकीण धुळीचा फडका हातात घेऊनच आली. ती त्याला भावोजी म्हणे.

"काय ओढताय एवढं? मला वाटलं, तुमचं पण पाडायला घेतलं." मग तिने वाकून पाहिले. "अगं बाई. सापडले की हो चोर."

"कालपरवाची असणार."

"मग बसा लिहायला. भिंतीला धक्का पोचला असं ठरलं ना, तर ब्रेकर बंद करावा लागतो त्यांना. करवतीने कापावं लागतं. माझा जावई सांगत होता." तिने फडका खांद्यावर टाकला. "माझं काय, गिऱ्हाईक आलं तर आधी त्याचे पाय झाडते, मग चप्पल दाखवते. तुमच्या भिंतीवर सगळ्यांचा जीव आहे, भावोजी. तोंडात गुळणी धरून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पत्र्यांच्या आत, लोखंडी केबिनमध्ये गेला. तिथली इंजिनियर त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने खुर्ची पुढे केली, भेगेची हकिकत ऐकून घेतली आणि कपाटातून एक जाड फाइल काढली.

"काका, पाडकामाच्या आधी आम्ही सगळ्या शेजाऱ्यांच्या भिंती बघून घेतो. फोटोसकट. नंतर वाद नको म्हणून."

"माझ्याकडे कोणी आलं नव्हतं."

"आले होते. तुमची प्रत तुम्ही नेलीच नाहीत." तिने फाइलमधून दुकानाचे नाव लिहिलेले पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवले आणि स्वतः आपल्या प्रतीतून वाचू लागली. "पूर्वेकडची भिंत. कपाट सरकवून पाहिले. दगडी फळीच्या ब्रॅकेटपासून खाली बारीक भेग. भेग जुनी, मालकांनी स्वतः फळी ठोकताना पडलेली, असे घरच्या बाईंनी सांगितले. मालकांना याची..."

ती थांबली.

"वाचा," तो म्हणाला.

"मालकांना याची कल्पना नाही व देऊ नये, अशी बाईंची विनंती."

त्याने पाकीट उघडले. फोटो एकच होता. भिंत, केसासारखी भेग, आणि भेगेशेजारी एक हात. भेग केवढी ते कळावे म्हणून हाताने एक ग्रॅमचे पितळी वजन तिच्यावर आडवे धरले होते. वजन बोटांनी धरले नव्हते, चिमट्यात धरले होते. घामाने वजन बदलते, बोट लावायचे नाही, असे तो तिला पहिल्या वर्षी सारखे ओरडत असे. मनगटावर हॉस्पिटलचा प्लॅस्टिकचा पट्टा होता. तो त्यानेच कात्रीने कापला होता, ती घरी आली त्या संध्याकाळी. म्हणजे दुपारी, तो औषधे आणायला गेला होता तेव्हा, ती खाली दुकानात आली होती. जिना उतरून. त्याने तिला पलंगावरच पाहिले होते, जाताना आणि आल्यावर.

शेवटच्या वर्षात तिने कोणाला फोटो काढू दिला नव्हता.

"सॉरी काका," इंजिनियर म्हणाली. "पण भेग जुनी आहे म्हटल्यावर आमच्याकडून काही होणार नाही."

"बरोबर आहे."

"वाढली असेल तर गोष्ट वेगळी. मग नगरपालिकेत अर्ज करा, शुक्रवारपर्यंत. मालकाची मूळ प्रत जोडावी लागते, फोटोसकट. झेरॉक्स घेत नाहीत." ती जरा घुटमळली. "आणि दिलेलं परत मिळत नाही. हे मी सांगितलं असं म्हणू नका."

दुकानात येऊन तो कपाटाच्या जागी जमिनीवर बसला. त्याला राग आला होता. भिंत त्यानेच फोडली होती, गवंड्याला हाकलून, मलाच जमते म्हणत. आणि तिने बावीस वर्षे त्याचे गुडघे आपटू दिले, पण त्याला हे दिसू दिले नाही. निदान शेवटी तरी सांगायचे. परक्या माणसाला सांगितले.

मग त्याने वजनांची पेटी उघडली, एक ग्रॅमचे वजन चिमट्याने उचलले आणि भेगेवर आडवे धरले, फोटोत होते तसे. फोटोत वजन भेग झाकून दोन्हीकडे भिंतीवर टेकले होते. आता वजन टेकायला जागाच नव्हती. पलीकडे ब्रेकर सुरू झाला. चिमटा हलला आणि वजन भेगेत गेले. भिंतीच्या आत ते कुठेतरी खाली पडल्याचे त्याला ऐकू आले नाही.

बुधवारी चपलांच्या दुकानाची मालकीण सातही दुकानांच्या सह्या घेऊन आली. तिने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"हा तर ताईंचा हात," ती म्हणाली. मग भेगेपाशी वाकली, पुन्हा फोटोकडे पाहिले आणि सरळ उभी राहिली. "अहो, यात तर सगळं स्पष्ट दिसतंय. तेव्हा केवढी, आता केवढी. आता कोण नाही म्हणेल?"

"कोणी नाही म्हणणार."

"मग आजच देऊन टाका की."

"झेरॉक्स काढून आणली," तो म्हणाला आणि कागद तिच्यापुढे केला. भिंत आली होती, भेगही आली होती. हात नुसता काळा आला होता.

तिने कागद परत दिला. जाताना तिने टेबलावर आपले स्टेपलर ठेवले.

आज शुक्रवार होता. नगरपालिकेची खिडकी दोनला बंद होत असे आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. अर्ज लिहून झाला होता. सात सह्या झाल्या होत्या. फोटो तेवढा जोडायचा राहिला होता.