दिवेलागणीचं जेवण

मास्तरांच्या छातीतली आग काही केल्या विझत नव्हती. सकाळची उपाशीपोटी घ्यायची गोळी होती, डॉक्टरांनी रात्रीचीही वाढवली, वर पातळ औषधाची बाटली दिली. तरी आंबट पाणी घशाशी यायचंच. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. गल्लीच्या तोंडाशी दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. माप घेताना खोकल्याची उबळ आली की टेप गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती तशीच लटकत राहायची आणि ते बिचारं पोट आत ओढून ताटकळायचं.

शेवटी नळी घालून तपासणी झाली. अन्ननलिका आतून सोलवटली आहे, असं डॉक्टर म्हणाले. नुसत्या गोळ्यांवर आता भागणार नाही. चहा कमी करा, जेवल्यावर मशीनवर वाकून बसू नका, पट्टा आवळू नका, पलंगाची उशाकडची बाजू उंच करा. आणि मुख्य म्हणजे रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच उरकून घ्या.

मास्तरांनी बाकी सगळं इमानेइतबारे केलं. स्वतःच्या विजारींच्या कमरा उसवून सैल केल्या. जगाच्या कमरा मोजण्यात जन्म गेला, स्वतःची कधी मोजली नव्हती. पलंगाच्या पायांखाली विटा घातल्या आणि झोपेत घसरत पायथ्याशी येऊ लागले. दिवेलागणीच्या जेवणाबद्दल मात्र त्यांनी लेकीला ताकास तूर लागू दिली नाही.

लेक बाटल्यांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होती. घरी यायला रात्र व्हायची, आणि सकाळी ती उठायच्या आत मास्तर दुकान उघडायचे. बायको गेल्यापासून कामाच्या दिवशी बापलेकीला बोलायला रात्रीचं ते एकच जेवण उरलं होतं. बोलणं तरी काय, तर मुकादम कुठे नाक खुपसतो आणि कुणाच्या सदऱ्याची बाही आखूड झाली. पण तेवढ्यावर मास्तरांचा दुसरा दिवस निघायचा. म्हणून ते तिच्यासाठी थांबायचे, तिच्याबरोबर पोटभर जेवायचे आणि मग विटांवरच्या पलंगावर उठून बसायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

पुढच्या खेपेला लेक रजा काढून दवाखान्यात सोबत गेली. रात्री कधी जेवता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मास्तर पलंगाखालच्या विटांचं सांगू लागले. उत्तर लेकीनेच दिलं, आणि डॉक्टरांचा चेहरा बघून तिला काय ते कळलं. घरी परतल्यावर दाराचं कुलूप काढताना ती म्हणाली, "माझ्यापायी घसा जाळून घेत होता? मी सांगितलं होतं का तसं करायला?"

त्या दिवसापासून तिचा हुकूम चालू झाला. मास्तर दिवेलागणीला एकटे जेवू लागले. रात्री ती आली की नुसतेच समोर येऊन बसायचे. पण जेवणाऱ्यासमोर न जेवणारा बसला की तो पाहुणा आहे की पहारेकरी, तेच कळत नाही. ती भराभर घास गिळायची. मास्तरांना भाजीतल्या मिठापलीकडे विचारायला काही सुचायचं नाही. एकदा नकळत त्यांचा हात तिच्या ताटाकडे गेला. तिने ताट मागे ओढलं आणि त्यांना झोपायला जायला सांगितलं. त्यानंतर ते पलंगावरूनच तिच्या ताटवाटीचा आवाज ऐकायचे. वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं, पण आपल्याच भल्यासाठी झालेल्या गोष्टीची तक्रार करणार कुणाकडे?

गुण मात्र आला. खोकला गेला, घसा निवला. मास्तर, तब्येत सुधारली की, असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि मास्तर मान डोलवायचे.

एका सुट्टीच्या दिवशी लेक दुकानात येऊन स्टुलावर बसली. कारखान्याजवळ तिच्या मैत्रिणीची खोली होती, तिथे एकीची जागा होणार होती. रात्रीची येण्याजाण्याची दगदग वाचेल, सुट्टीला मी येईनच, असं ती आडून आडून सांगत होती. मास्तर कोटाला गुंडी लावत होते. सुई कापडात तशीच राहिली.

"एवढ्या रात्री धडपडत यायचे, ती तुमच्यासोबत जेवायला, बाबा," ती म्हणाली. "आता घरी येऊनही एकटीच जेवते ना मी."

मी थांबतो, उद्यापासून पुन्हा थांबतो, जळू दे काय जळायचं ते, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तसं म्हटलं असतं तर ती राहिलीही असती, आणि प्रत्येक घासाला त्यांच्या छातीकडे बघत बसली असती.

"ती मैत्रीण घरी असते का, तू येशील तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"आमची पाळी एकच आहे."

"म्हणजे जेवायला सोबत आहे."

"आहे."

"मग जा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दोरा दाताने तोडला.

दिवे लागायची वेळ होत आली होती. लेक भात टाकायला आत गेली. आज सुट्टी म्हणून दोघं एकत्र जेवणार होती, आणि मास्तरांना भूकच नव्हती.