एकशे चार दिवे

चारच्या बटणावरचा गोंद ब्लेडने खरवडताना मी त्या न पाहिलेल्या माणसाला मनातल्या मनात चांगलंच फैलावर घेतलं. अहो, कीबोर्ड आहे की उकिरडा? एकवर वाळलेल्या गोंदाचा ठिपका, चारवर दोन ठिपके, सातवर आडवी रेघ. शून्याच्या बटणावर तर चक्क काहीतरी खरखरीत चिकटवलेलं. सांडला म्हणावा तर इतका नेमका कसा सांडेल, असं एकदा माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण विचार करत बसायला वेळ कुठे होता? मी सगळं खरवडलं, बटणं साबणाच्या कोमट पाण्यात टाकली आणि ब्रश घेऊन घासघास घासली. कोणी सांगितलं होतं का? नाही. मला घाण बघवत नाही, एवढंच.

दुरुस्तीचं दुकान चालवून मला आता वीस वर्षं झाली. एक खोली, एक टेबल, वर भिंग लावलेला दिवा. येणारा प्रत्येकजण आधी विचारतो, "दुरुस्ती करणारे कुठे गेलेत?" मी म्हणते, "तुमच्यासमोर बसलेत."

हा कीबोर्ड आणून देणारी मात्र तसं काही बोलली नाही. तिशीतली मुलगी, पण बोलायला लागली की थांबायचं नाव नाही.

"ताई, याच्या प्रत्येक बटणाखाली दिवा लावता येईल?"

"येईल की. पण कशाला एवढा खटाटोप? दिवेवाले नवीन मिळतात."

"नवीन नको. बाबांचा हात याच्यावरच बसलाय. चौदा वर्षं रोज पिशवीत घालून कोर्टात नेतात नि परत आणतात. टायपिस्ट आहेत ना ते. साक्षीदार बोलतो, जजसाहेब सांगतात आणि बाबा टाईप करतात. हल्ली अगदी नाक टेकवून बसतात हो कीबोर्डला. अक्षरं पुसट झालीत, दुसरं काय! म्हटलं, खालून उजेड आला की दिसेल."

"त्यांना विचारलंस का?"

"छे! गंमत आहे. कोर्टात रंगकाम चाललंय, चार दिवस सुट्टी आहे. सोमवारी त्यांना हा हातात लागेल, फक्त तेवढं बघा. नाहीतर बाबा मला उभी सोलतील."

मला ती आवडली. बापासाठी एवढं धावणारी लेक कोणाला आवडणार नाही?

काम मात्र जिवावर आलं. आजकालच्या बोर्डांवर दिव्यांची सोय असते, याच्यावर नव्हती. बटणांच्या खाली भोकं तेवढी होती, वीज पोचवायला वाट नव्हती. म्हणजे एकशे चार दिवे, प्रत्येकाला दोन पाय, त्यातला लांब पाय अधिकच्या बाजूला, आणि पाठीमागून केसासारखी बारीक तार फिरवून सोल्डरचा एकेक टाका लावायचा. सगळे दिवे भगभगीत ठेवले तर कीबोर्डच मान टाकेल, म्हणून प्रत्येकाच्या वाटेत अडथळा घालून उजेड मंद केला. पहिल्यांदा चालू केलं तर वरची आकड्यांची अख्खी रांग काळीठिक्कर. पाय उलटे घातले होते मी! वीस वर्षं झाली तरी ही चूक सुटत नाही. स्वतःलाच चार शिव्या घातल्या, रांग उपसली, परत लावली.

सगळं झालं, धुतलेली बटणं वर चढवली आणि कपाळाला हात लावला. दिवे लागले होते, उजेड फटीफटीतून सांडत होता, पण अक्षरं अंधारातच. जुनी बटणं जाड, ठार बंद. त्यांच्यातून उजेड येणार कसा? मग त्या मुलीला फोन केला, आरपार अक्षरांची नवी बटणं मागवली, तीही बसवली. शुक्रवारी संध्याकाळी चालू करून बघितलं. काय सांगू, एकेक अक्षर दुधासारखं उजळलं होतं. मी खुर्ची मागे सरकवून नुसती बघत बसले.

शनिवारी दुपारी ती आली ती वडिलांना घेऊनच.

"गंमत फुटली हो," ती दारातूनच म्हणाली. "बाबांना कीबोर्ड दिसला नाही, तर घर डोक्यावर घेतलं. खालून दिवे लावायला दिलाय म्हटलं तर म्हणे मला आत्ताच्या आत्ता तिथे घेऊन चल."

वडील पन्नाशी ओलांडलेले, उंच, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. सावकाश आत आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"ताई, तुम्ही तो साफ तर नाही ना केलात?" पहिलाच प्रश्न. ना नमस्कार, ना काही.

मला वाटलं, लाजतायत बिचारे. म्हटलं, "साहेब, ओळखणार नाही तुम्ही तुमचा कीबोर्ड!"

मी तो टेबलावर ठेवला, त्यांच्या अगदी पुढ्यात. वायर संगणकाला लावायला उचलली. पण त्या मुलीला कुठला धीर!

"बाबा, बघा!"

ते खाली वाकले. चेहऱ्यावर हसू आलं, अगदी मनापासूनचं वाटावं असं.

"वा! काय लखलखाट आहे गं! डोळे दिपले माझे."

वायर माझ्या हातात होती.

मी वायरकडे बघितलं, कीबोर्डकडे बघितलं. एकही दिवा लागलेला नव्हता. वाटलं, चेष्टा करतायत. पण ते तसेच वाकून हसत होते, आणि ते हसू उतरत नव्हतं. मुलीचं तोंड उघडं राहिलं होतं.

मग ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, रंग कुठला आहे?"

"छान आहे. तुझी निवड, मग काय बघायचं?"

"बाबा, अजून लावलेच नाहीत."

त्यांचं हसू एकदम विझलं नाही. ते थोडं थोडं करून गेलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि बोटं वरच्या रांगेवरून फिरवली. एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा उलट. परत डावीकडून. चेहरा पांढराफटक पडला.

"ठिपके," ते म्हणाले. "ताई, माझे ठिपके कुठे गेले?"

एक ठिपका एकला, दोन चारला, आडवी रेघ सातला. घाण म्हणून ब्लेडने खरवडून मी त्या माणसाचे डोळे नालीत सोडून दिले होते.

"मला वाटलं, गोंद सांडलाय," मी म्हणाले.

"कधीपासून?" मुलीने विचारलं. मला नाही, त्यांना.

ते खुर्चीत बसले. "दीड वर्ष झालं. मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं, त्यामुळे चालता येतं. जिथे बघावं तिथेच नेमका डाग येतो. डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही."

"आणि तुम्ही कामाला जाताय? टाईप करताय?"

"टाईप करायला डोळे कशाला लागतात? कानाने ऐकायचं, बोटांनी उतरवायचं. छापून निघालं की साहेब वाचतात, सही करतात. अक्षरं माझी कधी चुकत नाहीत. आकड्यांची खात्री वाटेना, म्हणून गोंद लावला. वर्षभर राहिलंय निवृत्तीला. गेलं असतं निभावून."

"मला का नाही सांगितलंत?" ती आता ओरडलीच. "परवा माझ्या छकुलीचा फोटो दाखवला तुम्हाला! नाक अगदी तुझं आहे म्हणालात!"

"तुझ्या आवाजावरून कळतं गं. तू खूश असलीस की छान म्हणायचं."

यावर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. मला तर कुठे बघावं तेच कळेना. राग येत होता, त्यांचाही आणि माझाही. दीड वर्ष हा माणूस घरात खोटं हसत राहतो काय, नि मी शहाणी त्याचं एवढं एक साधन घासूनपुसून लख्ख करते काय!

मी खण उघडून गोंदाची नळी काढली. "साहेब, तुम्ही सांगा, कुठे किती ठिपके. पाच मिनिटांत लावते. उद्यापर्यंत वाळतात. सोमवारी कोणाला कळायचंसुद्धा नाही."

"अजिबात लावायचे नाहीत!" मुलगी गर्रकन वळली. "ताई, तुम्ही यात पडू नका. बाबा सोमवारी जाणार नाहीत."

"अगं, एक वर्षाचा प्रश्न आहे..." मी म्हणाले.

"थांबा दोघी," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता काय उपयोग त्याचा, असं काहीतरी पुटपुटले.

"गेल्या आठवड्यात एका बाईची साक्ष होती. तिने रात्रीचे नऊ सांगितले, माझ्याकडून आठ पडले. साहेबांनी वाचताना पकडलं आणि हसून सुधारलं. म्हणाले, तुमच्याकडून चूक म्हणजे नवलच! मीही हसलो. घरी येऊन सातची रेघ आणखी जाड केली आणि स्वतःची समजूत घातली. पण आज..." ते थांबले. "आज दिवे लागलेच नव्हते आणि मी लखलखाट म्हणालो. किती सहज निघालं तोंडातून! लेकीशी खोटं बोललो ते घरातलं. पण तिथे माणसं शपथ घेऊन बोलतात. त्यांचं बोलणं माझ्या हातात असतं. नाही, तो गोंद ठेवा ताई. संगणकाला जोडा हा."

मी वायर लावली. एकशे चार दिवे एकदम लागले. त्यांनी दोन्ही हात ठेवले, तर्जनीने मधल्या दोन बटणांवरची, प्रत्येक कीबोर्डला असते ती, उंच खूण शोधली आणि सुरुवात केली.

असं टायपिंग मी जन्मात पाहिलं नव्हतं. मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर, आणि बोटं पळतायत. टकटक नव्हे, नुसता एकसंध आवाज. पडद्यावर ओळीमागून ओळी उतरत होत्या. माननीय साहेबांना अर्ज. चौतीस वर्षांच्या सेवेनंतर दृष्टी अधू झाल्याने मला कामातून मुक्त करावे. एका जबाबातल्या चुकीचं खरं कारण मी लपवलं, याची नोंद घ्यावी, हेसुद्धा लिहिलं. मी डोळे फाडफाडून चूक शोधत होते. एक वेलांटी इकडची तिकडे नव्हती. मुलगी त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती आणि तिचे डोळे घळाघळा वाहत होते.

शेवटी तारीख आली. वरच्या रांगेपाशी बोटं अडखळली, चाचपली, मग दाबली.

"वाच," ते म्हणाले.

तिने वाचलं. आवाज दोनदा फुटला, पण शब्दन् शब्द वाचला. तारखेपाशी मात्र ती थबकली. मलाही दिसलं होतं. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, जाऊ दे. त्यांना घरी पाठवायच्या आधी मी गुपचूप नीट करून छापून दिलं असतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"बाबा, आज सोळा तारीख आहे. सतरा पडलंय."

"हं. एक घर पुढे गेलो." मागचं खोडायचं बटण मोठं, कोपऱ्यातलं. ते त्यांचं त्यांना सापडलं. सात पुसला गेला. मग त्यांचं बोट रांगेवर हवेतच थांबलं. "सहा कुठे आहे गं?"

तिने पदराने नाही की रुमालाने नाही, सरळ मनगटाने डोळे पुसले. त्यांचं बोट धरलं आणि एका उजळलेल्या बटणावर नेऊन ठेवलं.

"हा."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

"बरं. आता हात सोड. मी दाबतो."

तिने हात सोडला. त्यांनी सहा दाबला.